दातांचे डिजिटल चित्रण आणि जिभेची जागा

दातांच्या तपासणीसाठी आपण रुग्णालयात गेला असाल, तर दंतचिकित्सकांनी आपल्याला एक्स-रे काढून घेण्यास कधी ना कधी सांगितले असेल. पूर्वी फिल्मचा लहानसा तुकडा दाताआड धरून हा एक्स-रे काढीत आणि तो रसायनात धुऊन तयार होईपर्यंत वाट पाहावी लागे. आता अनेक ठिकाणी फिल्मची जागा सेन्सरने घेतली आहे. दवाखान्यांत ज्याला ‘आरव्हीजी’ म्हणतात ते हेच. प्रतिमा काही क्षणांत संगणकाच्या पडद्यावर उमटते. यंत्र बदलले, काम जलद झाले, किरणांची मात्राही घटली. तोंडातील जीभ मात्र होती तशीच आहे. प्रतिमा बिघडण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांतील बहुतेक तंत्रज्ञाच्या हाती असतात. रुग्णाच्या हाती असलेले महत्त्वाचे कारण म्हणजे जिभेची जागा.

‘जीभ बाजूला घ्या’ ही सूचना कानी पडताच बहुतेक जण जीभ ताठ करून मागे ओढतात किंवा सर्व बळ लावून खाली दाबतात. हेतू चांगला असतो, परिणाम मात्र उलटा होतो. जीभ हा स्नायूंचा बनलेला अवयव आहे. ताणलेला स्नायू फुगतो, कडक होतो आणि थोड्याच वेळात थरथरू लागतो. तोंडात आलेली प्रत्येक नवी वस्तू चाचपून पाहणे हा जिभेचा स्वभावच आहे; भातातला खडा दातांखाली येण्यापूर्वी आपल्याला कळतो तो त्यामुळेच. अशा अवयवाला नुसते ‘हलू नकोस’ असे बजावून भागत नाही. त्याला टेकण्यासाठी एक निश्चित जागा द्यावी लागते. ही जागा प्रत्येक चित्रणात वेगळी असते. ती कोणती, हे आधी ठाऊक असेल तर खुर्चीत बसल्यावर गोंधळ उडत नाही.

बिघडलेल्या प्रतिमेचे मोल

जिभेने सेन्सर किंचित जरी वर ढकलला, तरी दाताचा वरचा भाग प्रतिमेत येतो आणि मुळाचे टोक कापले जाते. दाताच्या आत पसरलेला जंतुसंसर्ग बहुधा मुळाच्या टोकाशी साचतो. गळू तेथेच धरते, हाडाची झीजही तेथेच आधी दिसते. म्हणजे ज्या कारणासाठी चित्रण करायचे, तेच नेमके चौकटीबाहेर राहते. सेन्सर तिरका झाला तर मूळ प्रत्यक्षाहून आखूड किंवा लांब भासते. दोन दातांमधील कीडही कधी अशाच चुकीमुळे झाकली जाते. शेजारच्या दातांच्या कडा एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि मधली फट नाहीशी होते.

अशी प्रतिमा पुन्हा काढावी लागते, म्हणजे क्ष-किरणही पुन्हा सोसावे लागतात. याविषयी अकारण भीती बाळगू नये. निसर्गातून, म्हणजे माती, दगड, हवा, अन्न व अवकाशातून, प्रत्येक माणसाला सतत किरणोत्सर्ग मिळत असतो. जगभराची सरासरी पाहता तो वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट इतका भरतो. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूच्या पट्ट्यात तर तो याहून बराच अधिक आहे. एखाद्या दाताच्या डिजिटल चित्रणातून मिळणारी मात्रा सर्वसाधारणपणे निसर्गातून एका दिवसात मिळणाऱ्या मात्रेच्या आसपास असते. संपूर्ण जबड्याच्या चित्रणातून काही दिवसांइतकी. या मात्रा लहान आहेत. तथापि ज्या किरणांपासून कोणतीही माहिती हाती लागत नाही, ते कितीही थोडे असले तरी व्यर्थच. मुलांच्या बाबतीत हा विचार अधिक काटेकोरपणे करावा, कारण वाढत्या शरीरातील पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात आणि पुढे आयुष्यही मोठे असते.

जाता जाता एक गोष्ट. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ च्या अखेरीस क्ष-किरणांचा शोध जाहीर केला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मन दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांची प्रतिमा काढली. त्यासाठी त्यांना काचेची पट्टी तोंडात धरून २५ मिनिटे निश्चल राहावे लागले. आज किरण सोडण्याचा काळ सेकंदाचा लहानसा अंश असतो. जीभ स्थिर ठेवायची ती सेन्सर बसवल्यापासून यंत्राचा ‘बीप’ ऐकू येईपर्यंत, म्हणजे अर्ध्या मिनिटाहून सहसा कमीच.

खालच्या दाढांचे चित्रण

सर्वाधिक अडचण येते ती येथे. सेन्सर ही सुमारे ४ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद, न वाकणारी चपटी पेटी असते. तिला तार जोडलेली असते आणि दात चावून धरण्यासाठी प्लॅस्टिकचा एक आधार असतो. खालच्या दाढेसाठी ही पेटी दाढ व जीभ यांच्यामधल्या घडीत उतरवली जाते. तेथील त्वचा नाजूक असते. पेटीची कड टोचली की जीभ तत्काळ उसळते आणि पेटी वर येते.

यावरचा उपाय अनेकांना अनपेक्षित वाटेल: तोंड होईल तेवढे मोठे उघडू नये. जबडा पूर्ण ताणला की जिभेखालचे स्नायूही ताणले जातात, तोंडाचा तळ वर उचलला जातो आणि सेन्सरसाठी जागाच उरत नाही. तोंड मध्यम उघडावे. सेन्सर आत येण्यापूर्वी एकदा आवंढा गिळून लाळ मोकळी करावी. मग जीभ सैल सोडून तिचा शेंडा विरुद्ध बाजूच्या दाढांना हलकेच टेकवावा. डाव्या दाढेचे चित्रण असेल तर शेंडा उजवीकडे, उजव्या दाढेचे असेल तर डावीकडे. तो तेथे दाबून धरायचा नाही, नुसता टेकवून ठेवायचा. त्यानंतर प्लॅस्टिकच्या आधारावर दात हळूहळू मिटावेत. दात मिटत जातात तसा तोंडाचा तळ सैल होतो आणि सेन्सर आपोआप खाली बसतो. चटकन चावले, तर मात्र तो टोचतो.

एवढे करूनही टोचत असेल तर हात वर करावा. सोसून धरणे हा येथे गुण नव्हे; दुखत असताना जीभ स्थिर राहत नाहीच. दंतचिकित्सक सेन्सर थोडा जिभेच्या मध्याकडे सरकवू शकतात, त्याच्या कडेला मऊ आवरण लावू शकतात किंवा लहान आकाराचा सेन्सर घेऊ शकतात. काही ठिकाणी सेन्सरऐवजी पातळ फॉस्फर पट्टी वापरतात. ती तुलनेने कमी टोचते.

सेन्सर आपल्या बोटाने धरून ठेवण्यास कोणी सांगितले, तर होल्डर वापरता येईल का, असे अवश्य विचारावे. बोटाने धरल्यास तो सरकतोच, शिवाय बोटावर विनाकारण किरण पडतात. दंतचिकित्सकांनी किंवा त्यांच्या सहायकांनी तो स्वतःच्या हाताने धरणे तर सर्वथा अयोग्य आहे.

वरच्या दाढा आणि ओकारीची उबळ

वरच्या दाढांसाठी सेन्सर टाळूलगत ठेवला जातो. येथे जिभेचा शेंडा फारसा आड येत नाही. आड येते ती जिभेची मागची बाजू. जिभेच्या मुळाशी आणि टाळूच्या मागील मऊ भागाला स्पर्श होताच घसा आकुंचन पावतो व ओकारी येते. श्वासमार्गाचे रक्षण करण्याची ही शरीराची उपजत योजना आहे. ज्यांना ती तीव्रतेने जाणवते त्यांनी संकोच मानू नये आणि ‘मनाचा खेळ’ म्हणून कोणी तिची थट्टाही करू नये. मात्र भीतीमुळे ती वाढते, हेही खरे आहे.

जीभ तोंडाच्या तळाशी सैल राहू द्यावी, शेंडा खालच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवावा आणि नाकाने संथ, दीर्घ श्वास घ्यावा. श्वास रोखू नये. रोखलेला श्वास सुटताना घसा हलतो. बसल्या जागी एक पाय जमिनीपासून किंचित उचलून धरल्यास किंवा पायाची बोटे हलवत राहिल्यास मन तेथे गुंतते आणि उबळ ओसरते. हा साधा उपाय पुष्कळांना लागू पडतो. काही दंतचिकित्सक जिभेच्या शेंड्यावर चिमूटभर मीठ ठेवतात, गरज पडल्यास घसा बधिर करणारा फवारा वापरतात. आपल्याला असा त्रास होतो हे आधीच सांगितल्यास ते पुढच्या दातांपासून आरंभ करून मागच्या दाढा शेवटी घेतील. नाक चोंदलेले असेल आणि चित्रण तातडीचे नसेल, तर सर्दी उतरल्यावर येणे उत्तम. भरल्या पोटीही येऊ नये. मधुमेहाच्या रुग्णांनी मात्र या कारणासाठी उपाशी राहू नये. हलका आहार व औषधे नेहमीप्रमाणे घ्यावीत.

संपूर्ण जबड्याचे चित्रण

‘ओपीजी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रणात तोंडात सेन्सर नसतो. रुग्ण उभा राहतो किंवा बसतो, पुढच्या दातांनी एक खाचदार कांडी पकडतो आणि यंत्राची भुजा त्याच्या डोक्याभोवती अर्धगोल फिरते. याला १० ते २० सेकंद लागतात. तोंडात काही टोचत नसल्याने येथे जिभेचा विचारच होत नाही आणि म्हणूनच जिभेची चूक या चित्रणात वारंवार आढळते.

जीभ खाली पडलेली असेल तर ती आणि टाळू यांच्यामध्ये हवेची पोकळी राहते. हवा क्ष-किरणांना अडवत नाही. त्यामुळे प्रतिमेत या पोकळीच्या जागी एक काळा पट्टा उमटतो आणि तो नेमका वरच्या दातांच्या मुळांवर येतो. मुळाभोवतीचे हाड निरोगी आहे की पोखरलेले, याचा निर्णय त्या अंधारात करता येत नाही. काळा पट्टा कधी आजारासारखा भासतो, कधी खराच आजार झाकून टाकतो.

‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ असे आपण अविचाराने बोलणाऱ्याला टोचून म्हणतो. या चित्रणात मात्र तेच शब्दशः करायचे असते. केवळ शेंडा लावून भागत नाही. संपूर्ण जीभ टाळूला सपाट चिकटली पाहिजे. यासाठी दात कांडीवर टेकवावेत, ओठ मिटावेत, आवंढा गिळावा. गिळताना जीभ आपोआप टाळूला चिकटते. ती तशीच तेथे राहू द्यावी. यंत्र थांबेपर्यंत पुन्हा गिळू नये, बोलू नये, यंत्र कोठवर आले हे पाहण्यासाठी मानही वळवू नये. मुलांना घोड्याच्या टापांचा आवाज जिभेने काढायला सांगावा. तो आवाज निघण्याच्या आधीच्या क्षणी जीभ जशी टाळूला घट्ट बसलेली असते, तशीच ती हवी. फक्त आवाज काढायचा नाही. घरी आरशासमोर दोनचार वेळा हा सराव केलेले मूल यंत्रापाशी सहसा गोंधळत नाही.

या चित्रणापूर्वी कानातले, नथ किंवा चमकी, मंगळसूत्र, केसांतील पिना, चष्मा, श्रवणयंत्र आणि काढता येणारी कवळी काढून ठेवावी. कानातल्यांची छाया विरुद्ध बाजूच्या जबड्यावर, थोडी वर आणि धूसर अशी पडते. तिच्यामुळे नसता संशय उत्पन्न होतो. काढलेले दागिने सोबतच्या व्यक्तीकडे द्यावेत.

अक्कलदाढ काढण्यापूर्वी किंवा दाताचे रोपण करण्यापूर्वी ‘सीबीसीटी’ हे त्रिमितीय चित्रण सुचवले जाते. त्यातही जीभ हलली तर प्रतिमा धूसर होते. जीभ कोठे ठेवावी हे तपासणीच्या हेतूनुसार ठरते, तेव्हा तंत्रज्ञ सांगेल ती जागा घ्यावी आणि शेवटपर्यंत सोडू नये.

कॅप किंवा ब्रिजसाठी माप घेताना

अलीकडे कित्येक दवाखान्यांत मऊ लगद्याने भरलेला साचा तोंडात बसवण्याऐवजी लहान कॅमेऱ्याने दातांचे डिजिटल माप घेतात. यात क्ष-किरण नसतात. त्यामुळे पुन्हा माप घ्यावे लागले तरी वेळेखेरीज काही हानी नाही. पण चूक लक्षात न येता तसेच राहिलेले माप महागात पडते. संगणक शेकडो लहान प्रतिमा जोडून दाताचा आकार उभा करतो. मध्येच जीभ आली तर हलत्या जिभेचा तुकडाही त्यात शिवला जातो, आणि तयार होऊन आलेली कॅप बसत नाही. जिभेचा शेंडा विरुद्ध गालाकडे ठेवावा व सहायकांनी आरशाने जीभ बाजूला केली तर तिला विरोध करू नये. लाळ साचू लागली की खूण करावी. ओल्या पृष्ठभागावर प्रकाश परावर्तित होऊन मापात दोष येतो.

मुले, वृद्ध आणि आजारी व्यक्ती

जे मूल स्वतःहून स्थिर बसू शकत नाही, त्याला सोबतच्या प्रौढ नातेवाइकाने धरावे. दवाखान्यातील कर्मचाऱ्यांनी धरू नये. कर्मचारी रोज किरणांच्या सान्निध्यात असतात, तेव्हा त्यांच्या संरक्षणासाठी हा नियम आहे. धरणाऱ्या व्यक्तीला शिशाचे संरक्षक एप्रन दिले गेले पाहिजे, आणि ती व्यक्ती गर्भवती नसावी. मूल रडत असेल तर थांबावे. रडताना जीभ मागे-पुढे होते, त्या स्थितीत काढलेली प्रतिमा क्वचितच उपयोगी पडते. तातडी नसल्यास दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर, पुन्हा यावे.

पक्षाघातानंतर जिभेची एक बाजू दुर्बळ होते. कंपवातात जीभ थरथरते. काही मुलांची जीभ जन्मतःच खाली बांधलेली असते. अशा व्यक्तींना ‘जीभ नीट ठेवा’ असे पुनःपुन्हा सांगण्यात अर्थ नाही. नातेवाइकांनी ही माहिती आधीच द्यावी, म्हणजे तोंडाबाहेरून करता येणारे चित्रण निवडता येते. जबड्यात बधिरतेचे इंजेक्शन दिल्यावर जिभेचा अर्धा भागही बहुधा सुन्न होतो, आणि ती कोठे आहे हे रुग्णाला कळत नाही. त्या वेळी प्रतिमा काढायची असेल तर शेंड्याची जागा सहायकांना पाहू द्यावी. रूट कॅनाल उपचारात एकाहून अधिक प्रतिमा लागतात; त्या उपचाराचा भाग असतात, चूक सुधारण्यासाठी काढलेल्या नव्हेत.

गर्भवती स्त्रियांनी, तसेच तशी शक्यता असल्यास, चित्रणापूर्वी सांगावे. आवश्यक असलेले दंतचित्रण गर्भारपणात सर्वस्वी वर्ज्य नाही, कारण किरणांचा झोत जबड्यापुरता मर्यादित असतो. दातांतील तीव्र संसर्ग उपचाराविना ठेवणे हे मातेच्या दृष्टीने अधिक घातक ठरू शकते. जे पुढे ढकलता येते ते ढकलावे, एवढेच.

जीभच वळत नसेल तर

चित्रणाच्या वेळी कधी असे लक्षात येते की रुग्णाचे तोंड पुरेसे उघडतच नाही किंवा जीभ टाळूपर्यंत पोचत नाही. गुटखा, मावा, सुपारी यांच्या सेवनाने तोंडातील आवरण हळूहळू कडक होते, गाल ताठरतात, तिखट लागताच आग होते, जीभ बाहेर काढणे कठीण जाते. तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीनेही हा आजार होतो आणि त्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. घरी एक सोपी परीक्षा करता येते. आपल्याच हाताची मधली तीन बोटे एकावर एक धरून पुढच्या वरच्या व खालच्या दातांमध्ये उभी घालून पाहावीत. प्रौढ व्यक्तीच्या तोंडात ती सामान्यतः मावतात. मावत नसतील, जिभेवर किंवा तिच्या कडेला दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तर चित्रणाची वाट न पाहता तपासून घ्यावे. ३० वर्षे पूर्ण झालेल्या स्त्री-पुरुषांसाठी मुखकर्करोगाची प्राथमिक तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरांत केली जाते. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमाअंतर्गत जिल्हा रुग्णालयांत व त्याखालील अनेक आरोग्य केंद्रांत दंत विभागांना पाठबळ दिले जाते.

आपण काय विचारावे

चित्रण का करावयाचे आहे, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. सेन्सर प्रत्येक रुग्णानंतर उकळून निर्जंतुक करता येत नाही. त्यामुळे त्यावर दर वेळी नवे प्लॅस्टिकचे आवरण चढवले पाहिजे. ते चढवताना पाहावे, न दिसल्यास विचारावे. क्ष-किरण यंत्रांचे नियमन अणुऊर्जा नियामक मंडळ करते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तिनगर येथे आहे. दवाखान्यातील यंत्र मंडळाच्या नियमांनुसार नोंदलेले आहे का, हे विचारण्यात काही गैर नाही.

प्रतिमा पुन्हा काढावी लागेल असे सांगितले गेले, तर पहिल्या प्रतिमेत काय दिसले नाही, हे पडद्यावर दाखवण्याची विनंती करावी. जीभ कोठे गेली होती हे एकदा डोळ्यांनी पाहिले की दुसऱ्या वेळी ती नीट राहते. डिजिटल प्रतिमेची प्रत मोबाइलवर किंवा कागदावर मागून घ्यावी व तिच्यावरील दिनांक पाहून जपून ठेवावी. गाव किंवा दवाखाना बदलला तरी ती नव्या दंतचिकित्सकांना दाखवता येते, आणि जुनी प्रतिमा पुरेशी असेल तर नवे चित्रण टळते.